बर्फ, पाणी आणि रस्ता : कीविनॉतला खिशातला वाटाड्या

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अगदी उत्तरेला होटन नावाचे छोटेसे गाव आहे. गावासमोर पाण्याची एक अरुंद पट्टी, पलीकडच्या काठावर हॅनकॉक हे तितकेच छोटे गाव, आणि दोघांना जोडणारा एक अजब दुमजली पूल. १९५९ साली बांधलेल्या या पुलाचा मधला भाग लिफ्टसारखा वर-खाली होतो. उन्हाळ्यात तो अर्धवट उचलून ठेवतात. तेव्हा मोटारी त्याच्या खालच्या मजल्यावरून जातात आणि लहान बोटी पुलाखालून बिनदिक्कत निघून जातात. मोठे जहाज आले की अख्खा भाग शंभर फूट उंच चढतो. हिवाळा लागला की तो पूर्ण खाली उतरवला जातो. मग मोटारी वरच्या मजल्यावरून धावतात आणि खालचा मजला, जिथे एके काळी आगगाडीचे रूळ होते, तो मोकळा राहतो स्नोमोबाइलसाठी.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर धावणारी मोटारसायकल. पुढे चाकाऐवजी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, आणि वेग मोटारीला लाजवेल असा. होटनच्या परिसरात अनेक घरांच्या आवारात एक मोटार, एक बोट आणि एखादी स्नोमोबाइल अशी तिन्ही वाहने असतात. रस्ता, पाणी आणि बर्फ यांपैकी कशावर कधी उतरायचे ते ऋतू ठरवतो. तिन्हींवर वाट दाखवणारे एकच यंत्र घ्यावे की तीन घ्यावीत, हा प्रश्न इथल्या घरांत तितकाच नेहमीचा आहे, जितका आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी छपराचा.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. इथे वाट चुकली तर काय होते, ते समजण्यासाठी आधी हा मुलूख पाहायला हवा.

सरोवरात घुसलेले बोट

लेक सुपीरिअर हे पृष्ठभागाच्या हिशेबाने जगातले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पावपटीहून अधिक. कमाल खोली ४०६ मीटर. या सरोवरात दक्षिणेकडून एक वाकडे बोट घुसावे तसे कीविनॉ द्वीपकल्प घुसले आहे. ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ, होडी खांद्यावर घेऊन ओलांडायची जागा. संपूर्ण द्वीपकल्पाला वळसा घालण्यापेक्षा मधल्या तळ्यांतून आणि थोड्या जमिनीवरून होडी पलीकडे नेणे सोपे पडे. पुढे तिथेच कालवा खोदला गेला आणि आज त्याच पाण्यावर होटनचा पूल उभा आहे.

हा तांब्याचा मुलूख. मूळ रहिवासी हजारो वर्षांपूर्वीपासून इथले शुद्ध तांबे उकरून काढत. १८४० च्या दशकात गोऱ्या लोकांची झुंबड उडाली. हॅनकॉकच्या टेकडीवरील क्विन्सी खाण १८४६ ते १९४५ अशी शंभर वर्षे टिकली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांनी बरोबर आणलेली ‘पास्टी’ आजही इथल्या दुकानांतून मिळते. ती दिसते थेट आपल्या करंजीसारखी, फक्त हातभर मोठी, आणि आत खोबऱ्याऐवजी मांस, बटाटा आणि कांदा! खाणी बंद पडल्या. आगगाड्याही गेल्या. पण त्यांचे मार्ग उरले, आणि हिवाळ्यात त्याच सपाट मार्गांवरून आता स्नोमोबाइल धावतात. संपूर्ण मिशिगन राज्यात अशा आखीव बर्फवाटा सहा हजार मैलांहून अधिक आहेत. १ डिसेंबर ते ३१ मार्च हा त्यांचा हंगाम.

बर्फ पडतो तो मात्र बेसुमार. कॅनडाकडून येणारे गारठलेले वारे सरोवराच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून वाहताना बाष्प उचलतात आणि द्वीपकल्पाच्या डोंगरकण्यावर चढताना ते सगळे हिमाच्या रूपात टाकून देतात. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच बर्फ पडला, म्हणजे साडेबत्तीस फूट. तीन मजली घर बुडेल एवढा! त्या विक्रमाची आठवण म्हणून महामार्गाच्या कडेला तापमापकाच्या आकाराची एक उंच पाटी उभारली आहे आणि प्रवासी तिच्यापाशी फोटो काढतात.

या बर्फाने रस्त्याची कड, नाला, कुंपण, तळ्याचा काठ सगळे एका पांढऱ्या चादरीखाली जाते. वारा सुटला की जमीन आणि आभाळ यांतला फरकही दिसेनासा होतो. दहा पावलांवरचा सोबती नाहीसा होतो. अशा वेळी माणूस सरळ चालतो आहे असे समजून गोल फिरत राहतो.

होकायंत्राचीही फसगत

मग होकायंत्र वापरावे, असे कुणी म्हणेल. पण या भागात होकायंत्रानेही दगा दिल्याची नोंद आहे. सप्टेंबर १८४४ मध्ये विल्यम ऑस्टिन बर्ट हे सरकारी मोजणीदार कीविनॉच्या आग्नेयेला, आजच्या निगॉनी गावाजवळ जमिनीची मोजणी करत होते. एकाएकी त्यांच्या होकायंत्राची सुई जवळजवळ काटकोनात वळली. कारण शोधताना पायाखालच्या खडकातच लोखंड सापडले. पुढे तिथे अमेरिकेतल्या मोठ्या लोहखाणी सुरू झाल्या. बर्ट यांचे काम मात्र अडले नाही, कारण सूर्यावरून दिशा काढणारे एक यंत्र त्यांनी स्वतःच तयार करून १८३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. जमिनीवरची खूण फसवी निघाल्यावर आभाळाचा आधार घ्यायचा, हीच युक्ती आज जीपीएस वापरते. फक्त सूर्याच्या जागी सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आले.

अमेरिकेने या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला तो लष्करासाठी. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही सेवा सर्वसामान्यांनाही मोफत देण्याची घोषणा केली. तरीही बरीच वर्षे नागरी यंत्रांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. मे २००० मध्ये ही भेसळ थांबली आणि तळहातावरचे यंत्र काही मीटरांपर्यंत नेमके झाले.

बर्फावर काय टिकते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात जीपीएस आहेच, मग वेगळ्या यंत्रावर चारशे ते सातशे डॉलर का घालवायचे? मोटारीपुरते बोलायचे तर घालवूच नयेत. पण उणे पंधरा अंशांत, स्नोमोबाइलच्या हँडलवर, मोबाइलची फजिती पाहण्यासारखी असते. थंडीने त्याची बॅटरी भराभर उतरते आणि निम्मी शिल्लक दिसत असतानाही तो अचानक बंद पडतो. जाड हातमोज्यांची बोटे पडद्याला कळत नाहीत, आणि मोजे काढले तर दोन मिनिटांत बोटे बधिर. शिवाय कीविनॉच्या जंगलात अनेक ठिकाणी मोबाइलचा सिग्नल नसतो. जीपीएसला स्वतःला सिग्नलच्या मनोऱ्याची गरज नसते, हे खरे. पण नकाशा आधीच उतरवून ठेवला नसेल तर पडद्यावर कोऱ्या कागदावरचा एक निळा ठिपका तेवढा उरतो.

म्हणून बर्फासाठी यंत्र निवडताना जुने, अनुभवी लोक पडद्याच्या चकाकीपेक्षा बटणांकडे पाहतात. मोठी, ठसठशीत बटणे हातमोज्यांतूनही दाबता येतात. गार्मिन कंपनीच्या जीपीएसमॅप ६७ सारखी हातात मावणारी यंत्रे याच पठडीतली. पडदा जेमतेम तीन इंचांचा, दिसायला पंधरा वर्षांपूर्वीच्या फोनसारखी, पण एकदा चार्ज केली की दिवसच्या दिवस चालणारी. ज्यांची नजर अधू आहे त्यांना हा पडदा लहान वाटतो. त्यांच्यासाठी त्याच कंपनीची पाच इंची पडद्याची माँटाना मालिका आहे, आणि तिच्या पडद्याला हातमोज्यांचा स्पर्श कळतो. तिन्ही वाहनांवर एकच यंत्र हवे असणाऱ्यांचे एक जुने लाडके मॉडेल होते, २७६सी. कंपनीने २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही काढली होती. मोठा पडदा आणि तरीही बटणे, असे ते दुर्मीळ जुळे होते.

बॅटरीचा प्रश्न दुकानदार फारसा काढत नाहीत, पण तोच आधी विचारावा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र असेल तर अल्कलाइनऐवजी लिथियमचे सेल घालावेत; ते उणे चाळीस अंशांपर्यंत काम करतात. आत बसवलेली बॅटरी असेल तर स्नोमोबाइलच्याच विजेवर यंत्र चालवण्याची सोय करून घ्यावी. हँडलवरची पकडही मजबूत हवी. हादऱ्यांनी यंत्र निसटून बर्फात पडले की ते थेट वसंतात सापडते.

दुसरी गोष्ट दिशेची. अनेक स्वस्त यंत्रांना आपण थांबलो की आपले तोंड कुठे आहे ते कळत नाही. त्यांचा बाण आपण चालत असतानाच खरे बोलतो. हिमवादळात थांबलेल्या माणसाला नेमकी तेव्हाच दिशा हवी असते. आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेले यंत्र घेतले तर ही अडचण टळते, मात्र ते अधूनमधून जुळवून घ्यावे लागते आणि लोखंडी खडकाच्या भागात त्याचे म्हणणे बेताने ऐकावे लागते. बर्ट यांची गोष्ट इथे पुन्हा आठवावी.

आणि सगळ्यांत उपयोगी सोय कोणती? आल्या वाटेने परत नेणारी. यंत्र सुरू ठेवले की ते मागे ठिपक्यांची रेघ सोडत जाते. वाट दिसेनाशी झाली की त्याच रेघेवरून परत फिरायचे. निघताना यंत्र सुरू करायचे मात्र अनेक जण विसरतात आणि हरवल्यावर ते पिशवीतून बाहेर काढतात. तोवर उशीर झालेला असतो. यंत्र तुम्ही कुठे आहात ते सांगेल, कुठून आलात ते कसे सांगणार?

एक धोका मात्र कोणत्याही किमतीच्या यंत्राला दिसत नाही. गोठलेल्या तळ्यावर मुक्कामाकडची सरळ रेघ ते मोठ्या आत्मविश्वासाने काढते. त्या रेघेखाली बर्फाचा थर किती जाड आहे, हे त्याला ठाऊक नसते. पुलांखाली आणि नाले येऊन मिळतात तिथे पाणी वाहते असते, म्हणून तिथला थर पातळ असतो. यंत्र ‘अजून दोन मैल’ म्हणत असले तरी काठाने सहा मैल जावे, हा स्थानिकांचा शिरस्ता आहे.

पाण्यावर हिशेब बदलतो

उन्हाळ्यात कीविनॉचे पाणी आरशासारखे दिसते आणि पाहुणा फसतो. जून-जुलैत दमट, उबदार हवा थंडगार पाण्यावरून जाताना दाट धुके धरते आणि किनारा काही मिनिटांत पुसला जातो. नोव्हेंबरची वादळे तर कुप्रसिद्धच. १० नोव्हेंबर १९७५ रोजी एडमंड फिट्झगेराल्ड हे सव्वादोनशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज याच सरोवरात बुडाले आणि त्यावरील सर्वच्या सर्व २९ जण गेले. त्या दुपारी जहाजाची रडार यंत्रणा बंद पडली होती. किनाऱ्यावरचा दिशा दाखवणारा रेडिओ संकेतही वादळाने बंद होता आणि कप्तानाला मागून येणाऱ्या दुसऱ्या जहाजाकडून रेडिओवर वाट विचारावी लागत होती. व्हाइटफिश उपसागराचा आसरा तेव्हा अवघा १७ मैलांवर राहिला होता. जहाज का बुडाले यावर आजही वाद आहेत.

आज मासे धरायला निघालेल्या कुटुंबाच्या लहान बोटीवरही त्या कप्तानापेक्षा नेमकी माहिती असू शकते. पण त्यासाठी नकाशा पाण्याचा हवा. बर्फवाटांचा आणि डोंगरउतारांचा नकाशा असलेले यंत्र बोटीवर नेले तर सरोवर नुसते निळे दिसते. त्यात खोली नाही, बुडालेले खडक नाहीत, बोये नाहीत. यंत्राच्या किमतीत कोणते नकाशे मिळतात आणि कोणते वेगळे विकत घ्यावे लागतात, हे दुकानातच विचारून घ्यावे. अनेकदा खरा खर्च तिथेच असतो. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेने आपले पारंपरिक कागदी जलनकाशे २०२५ च्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले असले, तरी तिचे डिजिटल नकाशे विनामूल्य मिळतात आणि हवा तो भाग निवडून छापूनही घेता येतो. एक छापील प्रत बोटीत असू द्यावी. यंत्राचे सेल संपतात, कागदाचे संपत नाहीत.

‘जलरोधक’ हा शब्दही नीट तपासावा. वेष्टनावर आयपीएक्स-७ लिहिलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पण हातातून सुटले तर सरोवर चारशे मीटर खोल आहे! बोटीवर नेणाऱ्यांनी पाण्यावर तरंगणारेच मॉडेल घ्यावे किंवा यंत्र दोरीने जाकिटाला बांधावे. बोटीत जुने होकायंत्र असेल तर लोहचुंबकाच्या पायाचा कोणताही स्टँड त्याच्याजवळ लावू नये. आणि मैल कोणते, तेही ठरवून घ्यावे. समुद्रावर नाविक मैल चालतात, पण या महासरोवरांच्या नकाशांवर अंतरे बहुधा जमिनीच्या मैलांत दिलेली असतात.

आकड्यांची एक चूक

मदत मागताना होणारी एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. अक्षांश लिहिण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. समजा, यंत्राने ४७.४५ दाखवले. म्हणजे ४७ अंश आणि शंभरातले पंचेचाळीस भाग, अर्थात ४७ अंश २७ मिनिटे. घाबरलेल्या माणसाने रेडिओवर ‘सत्तेचाळीस, पंचेचाळीस’ एवढेच सांगितले आणि ऐकणाऱ्याने ते ४७ अंश ४५ मिनिटे असे लिहून घेतले, तर मदतीची बोट सुमारे ३३ किलोमीटर उत्तरेला जाऊन शोधत राहील. म्हणून घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीही, आपल्या यंत्रात कोणती पद्धत लावली आहे ते निघण्यापूर्वी पाहावे आणि आकडा ‘अंश’, ‘मिनिटे’ हे शब्द उच्चारूनच सांगावा. अमेरिकेचे तटरक्षक दल अंश आणि मिनिटांची भाषा वापरते. यंत्रही त्याच भाषेत लावून ठेवलेले बरे.

होटनला येणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी

होटनमध्ये १८८५ साली खाणकामाचे शिक्षण देण्यासाठी सुरू झालेली संस्था आज मिशिगन टेक विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, विद्यार्थी इथे अभियांत्रिकी शिकायला येतात. फेब्रुवारीच्या हिम-उत्सवात घरांएवढी बर्फशिल्पे उभी राहतात. ती पाहायला म्हणून आईवडील आले की शिकागोहून सुमारे ४२० मैलांचा मोटारप्रवास घडतो.

या प्रवासाला मोबाइल पुरेसा आहे, फक्त नकाशे आधी उतरवून घ्यावेत. वाटेत घड्याळाचा घोळ होतो तो निराळा. मिशिगनच्या या भागातले विस्कॉन्सिनला लागून असलेले चार जिल्हे एका वेळेवर चालतात आणि होटन तासभर पुढे असते. पण जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला. जवळची वाट शोधण्याच्या नादात नकाशा अनेकदा जंगलातल्या हंगामी रस्त्याकडे वळवतो. हिवाळ्यात त्या रस्त्यांवरचा बर्फ कुणी काढत नाही, आणि तशी पाटीही तोंडाशी लावलेली असते. कॉपर हार्बरजवळचा ब्रॉकवे डोंगराचा रस्ता उन्हाळ्यात मोटारींनी फुललेला असतो; हिवाळ्यात तीच स्नोमोबाइलची वाट होते. पाटी आणि पडदा यांत मतभेद झाला तर पाटीचे ऐकावे. गाडीत ब्लँकेट, पाणी, खाण्याचे डबे आणि फावडे असावे. पुरणपोळ्या असतील तर उत्तमच, थंडीत त्या आठवडाभर टिकतात.

आणखी एक सूचना भारतात परतणाऱ्यांसाठी. हल्ली काही जीपीएस यंत्रांतून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतात आणि एक बटण दाबून मदत मागता येते. त्यासाठी वर्गणी भरावी लागते. कीविनॉसारख्या भागात ती भरण्याजोगी आहे. पण असे संदेश पाठवणारे यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणणे हा गुन्हा ठरू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू स्त्रीला असे यंत्र सामानात सापडल्यामुळे अडवण्यात आले होते. मुलाने प्रेमाने ते भेट दिले, तरी ते त्याच्याकडेच होटनला ठेवून यावे. त्याला त्याचा उपयोग आहे.

बर्फ वितळू लागला की होटनचा पूल पुन्हा अर्धा वर उचलला जातो. मोटारी खालच्या मजल्यावर येतात, स्नोमोबाइलवर ताडपत्री चढते आणि घराघरांत हँडलवरचे यंत्र काढून, त्यात पाण्याचा नकाशा भरून, ते बोटीत बसवण्याचे काम सुरू होते.